अंगठा माझा, शब्द दुसऱ्याचे

सोमवार, ३ मार्च

चि. भिंगरी हिस आजीचे अ. उ. आ., आणि डोक्यात एक टपली.

तुझं पत्र पोचलं. अगं विसरभोळे, वर ठळक अक्षरांत लिहिलंस काय, तर आजी, हे फक्त तूच वाच, कुणाला दाखवू नकोस! माझ्या मांडीवर लहानाची मोठी झालीस आणि आजीला अक्षर येत नाही एवढं विसरलीस? खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी, जे हे पत्रही लिहून देताहेत, ती ओळ त्यांच्या नेहमीच्या खड्या आवाजात वाचली. खिडकी सताड उघडी, जिन्यात दोघी जणी उभ्या. मग त्यांनी मला गंभीरपणे विचारलं, की आता पुढचं वाचू की राहू दे. मी म्हटलं, वाचा, आता झाकायला उरलंय काय.

तर तुला नवा वर्ग मिळाला. मोठ्या माणसांना इंग्रजीतले गुन्ह्याचे आणि कायद्याचे शब्द शिकवायचे, आणि ते तुलाच येत नाहीत, म्हणून तू रोज एक धडा पुढे वाचून ठेवतेस. एवढंच ना गुपित? आता तीन मजल्यांना ठाऊक झालंय. कुणी हसलं नाही. वरच्या नळवाल्याने तर सांगितलं, की तोही असाच शिकला.

आता माझी बातमी बसून ऐक. फोनवर सांगितली असती, पण फोनवर तू हूं हूं करत भांडी घासतेस. मला कोर्टाचं बोलावणं आलंय. समन्स. घाबरू नकोस, मी काही चोरलेलं नाही.

आमच्या लाँड्रीत माझं बटणांचं टेबल कुठे आहे ते तू पाहिलंयस. धुऊन आलेल्या शर्टांची तुटकी बटणं मी तिथे बसून लावते, आणि समोरच्या बोळातून मॅनेजरच्या खोलीत जाणारा येणारा माझ्यासमोरूनच जातो. जानेवारीत एका बाईच्या कोटाच्या खिशात सोन्याची साखळी सापडली. खिशात सापडलेली वस्तू चिठ्ठी लावून मॅनेजरच्या खणात ठेवायची, हा आमचा रिवाज. दुसऱ्या दिवशी खण उघडला तर चिठ्ठी होती, साखळी नव्हती. मोठ्या प्रेसवर उभी राहणारी आमची इस्त्रीवाली रोज संध्याकाळी किल्ल्या अडकवायला त्या खोलीत जाते. आळ तिच्यावर आला. पोलीस आला, सगळ्यांना विचारलं, माझंही लिहून घेतलं, मी अंगठा उठवला. ती बिचारी जामिनावर घरी बसली आहे. तिचं प्रेस अजून गारच पडलंय.

आता मला सरकारच्या बाजूने साक्ष द्यायची आहे म्हणे, अकरा एप्रिलला. त्या कागदावर माझं नाव छापलंय. घड्याळजींनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. माझं नाव एवढं लांब असतं हे मला सत्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तिथे सगळं इंग्रजीत लिहितात. दुभाषी देतात म्हणे, पण मला बाहुलीसारखं उभं राहायचं नाही. तुझ्या वर्गातले शब्द मलाही पाठव. आणखी एक विद्यार्थी समज. फी मागू नकोस.

आहेस तशीच राहा, फक्त थोडी कमी विसर.
तुझी आजी

रविवार, ९ मार्च

ती. आजीस भिंगरीचा शि. सा. न. वि. वि. घड्याळजींनाही नमस्कार, कारण हे तेच वाचणार आहेत, हे मी आता मरेपर्यंत विसरणार नाही.

आजी, तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तू आणि कोर्ट! पण तू शब्द मागितलेस, तर ते आधी.

माझ्या वर्गात सात जण आहेत. एक बसचा ड्रायव्हर, दोघी नर्स, एक आचारी, दोघे सुतार, आणि कोर्टात फरशी पुसणाऱ्या एक बाई. या फरशीवाल्या बाई वीस वर्षं न्यायाधीशांच्या पायाखालची फरशी पुसताहेत. त्यांना एकही शब्द लिहिता येत नाही, पण सगळे कानाने पाठ आहेत. पहिल्याच दिवशी मी काहीतरी चुकीचं सांगितलं, तर त्यांनी हात वर केला आणि अगदी मऊ आवाजात मला दुरुस्त केलं. तेव्हापासून मी फळ्याजवळ उभी असते आणि शिकवतात त्या.

पहिला शब्द अक्यूज्ड. म्हणजे जिच्यावर आरोप आहे ती. गुन्हेगार नव्हे. ड्रायव्हरला हे पटेना. तो म्हणाला, की पोलिसांनी उगाच कशाला धरलं असेल. फरशीवाल्या बाई त्याला म्हणाल्या, की सरकारला सिद्ध करता येईपर्यंत ती तुझ्यामाझ्याइतकीच स्वच्छ, आणि सिद्ध करायचं काम सरकारचं, तिचं नव्हे. तिने तोंडही उघडलं नाही तरी चालतं.

दुसरा विटनेस, ती तू. तिसरा ओथ, म्हणजे शपथ. चौथा एव्हिडन्स, पुरावा. पाचवा हिअरसे, म्हणजे ऐकीव. दुसऱ्याकडून ऐकलेलं तू तिथे सांगायचं नाही, फक्त डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हा जिन्यातल्या बायकांच्या बातम्या घरी ठेवून जा.

आणि सहावा स्टेटमेंट. जबाब. तू बोललीस, दुसऱ्याने लिहिलं, खाली तुझी खूण. फरशीवाल्या बाईंनी मुद्दाम विचारायला सांगितलंय, की अंगठा उठवण्याआधी तो तुला वाचून दाखवला होता ना? मी त्यांना म्हटलं, की आमची आजी वाण्याची यादीसुद्धा परत वाचून घेते, घड्याळजींची पत्रंच्या पत्रं तिने फाडायला लावली आहेत, तिची चिंता नको. खरं ना?

लोभ तुझ्याकडे भरपूर आहे, तो खर्च करत राहा.
तुझी भिंगरी

शुक्रवार, १४ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

सहाही शब्द पाठ झाले. मी ते बटणांवर बसवले. शपथ म्हणजे चार भोकांचं मोठं काळं बटण, कोटाचं, एकदा लावलं की निघत नाही. पुरावा म्हणजे धातूचं, वाजवून बघता येतं. ऐकीव म्हणजे ते कापडाने मढवलेलं, वरून गुबगुबीत, आत पत्रा. सुई टोचता टोचता मी म्हणत असते आणि धुलाईच्या पोरी मला वेड लागलं समजतात.

पण तो पहिला शब्द मला झोपू देत नाही. अगं, सरकार केवढं! त्याच्याकडे पोलीस, गाड्या, तुरुंग, एवढाली कुलपं. आणि समोर कोण, तर वाफेने हात भाजलेली एक इस्त्रीवाली. तरी एवढ्या मोठ्याने आधीच कबूल करून ठेवलंय, की सिद्ध मी करीन, तू गप्प बस, तोवर तू स्वच्छ. कुणाला सुचलं असेल गं हे? ज्याला सुचलं त्याच्या आईला मला बघायचंय. आम्ही तर घरात साखर सांडली तरी आधी तुझंच नाव घ्यायचो.

आता खाली जे लिहायला सांगते आहे ते घड्याळजी नको म्हणताहेत. मी म्हटलं, लिहा.

मी वाचून घेतलं नाही. 

तो पोलीस आपल्याच भाषेत बोलत होता, गोड होता. मला खुर्ची दिली, आजी म्हणाला. प्रश्न विचारत गेला आणि इंग्रजीत भराभर लिहीत गेला. खोलीत गेली होती का, मी म्हटलं हो. खण त्याच खोलीत आहे का, हो. तिच्या अंगावर खिशाचा एप्रन असतो का, हो. मग कागद माझ्यापुढे सरकवला आणि शाईचा पॅड उघडला. मॅनेजर शेजारी उभा. कोट घेऊन आलेली ती साखळीवाली बाई पण उभी, छान कपड्यांत. वाचून दाखव म्हणावं असं ओठांवर आलं होतं. पण त्या बाईसमोर म्हणवेना, की मला वाचता येत नाही. जन्मात कधी लाजले नाही ती त्या एका घटकेला लाजले. पॅडवर अंगठा टेकवला, उठवला, आणि जणू काही मला सगळं समजलंय अशी मान हलवली.

मान हलवल्याचं जास्त लागतंय.

समन्ससोबत त्या जबाबाची नक्कल आली आहे. घड्याळजींचं इंग्रजी घड्याळाच्या डब्यावरच्या मजकुरापुरतं. पाण्याने बिघडत नाही, वर्षभराची हमी, यापुढे त्यांचं गाडं जात नाही. म्हणून नक्कल तुला पाठवते आहे. मी काय बोलले ते मला वाचून दाखव.

तुझी वाट पाहणारी,
आजी

गुरुवार, २० मार्च

ती. आजीस शि. सा. न.

आजी, आज नेहमीसारखं थट्टेने सुरू करता येत नाही. घड्याळजी, जरा सावकाश वाचा.

जबाब एका पानाचा आहे. मी शब्दाला शब्द लावून सांगते. त्यात असं आहे, की मी बटणांच्या टेबलाशी बसले होते. इस्त्रीवाली मॅनेजरच्या खोलीत गेली. तिने टेबलाचा खण उघडताना मी पाहिलं. तिने खणातून काहीतरी चकाकतं उचलून एप्रनच्या खिशात टाकताना मी पाहिलं. बाहेर येताना ती घाबरलेली होती. हा जबाब मला माझ्या भाषेत वाचून दाखवला व तो बरोबर आहे. खाली तुझा अंगठा. रेषा इतक्या स्वच्छ उठल्या आहेत, की मला तुझा हात समोर दिसला.

तू हे बोलली नाहीस ना? मला ठाऊक आहे तू बोलली नाहीस. मी तुझ्या टेबलाशी बसून गृहपाठ केलाय. तिथून खोलीचं दार दिसतं आणि दाराला दुधी काच आहे. खण कसला दिसतोय! तू त्याला सुटे मणी दिलेस आणि माळ त्याने ओवली.

आजी, या खटल्यात दुसरा पुरावा नाही. साखळी सापडलेली नाही. तिच्याविरुद्ध आहे तो फक्त हा कागद. ती दोषी ठरली तर तुझ्या अंगठ्यावर आत जाईल.

मी फरशीवाल्या बाईंना वर्गानंतर थांबवून घेतलं. त्यांनी सांगितलं ते असं. आधी सरकारी वकिलाच्या कचेरीत जाऊन स्पष्ट सांगायचं, की हे माझे शब्द नाहीत. मग शपथ घेतल्यावर कोर्टातही तेच. पण हेही सांगितलं, की लिहिलेल्या जबाबाविरुद्ध बोलणाऱ्या साक्षीदाराला होस्टाइल म्हणतात, म्हणजे फितूर, आणि मग आपल्याच बाजूचा वकील त्या साक्षीदारावर तुटून पडतो. खोटी साक्ष दिली म्हणून उलट खटलाही भरू शकतात. तो शब्द परजरी. तो मी आज फळ्यावर लिहिला नाही.

मी येऊ का? रजा मिळेल. तू फक्त सांग.
तुझी भिंगरी

मंगळवार, १ एप्रिल

चि. भिंगरी हिस घड्याळजीचा आशीर्वाद.

तुझ्या आजींनी एकच निरोप कळवायला सांगितला आहे, बाकीचं त्यांना न विचारता लिहितो आहे. पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य लिहायला मिळालं, तर काय लिहावं सुचत नाही.

तू येऊ नकोस, असं त्यांचं म्हणणं मी कळवायचं आहे. तू समोर दिसलीस तर त्या रडतील आणि रडत सांगितलेलं कुणी खरं धरत नाही, असं त्या म्हणतात. सरकारी वकिलाच्या कचेरीत आम्ही गेलो होतो. तिथल्या कारकुनाने ऐकून घेतलं, नोंद केली, आणि जे काय ते न्यायाधीशांसमोर शपथेवर सांगा म्हणाला. तुझ्या आजींनी त्याच्याकडून ती नोंद तीन वेळा वाचून घेतली. त्याचा चहा गार झाला.

लाँड्रीत मॅनेजरने त्यांना सुचवलंय, की नजर कमी झाली असेल तर बटणांचं काम आता कुणा तरुणीला द्यावं लागेल. मला वाटतं तुला कळावं.

त्या जेवतात कमी. संध्याकाळी माझ्या दुकानात येऊन बसतात आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात. मी त्यांना म्हटलं, की आता पाठ झालं. त्या म्हणाल्या, की पाठ झालेलं नाही चालणार, ते खरं वाटायला हवं. चाळीस वर्षं घड्याळं उघडतोय, पण चाकाचा एवढा बारीक दात कुणी घासताना पाहिला नाही.

कळावे.
घड्याळजी

शनिवार, १२ एप्रिल

चि. भिंगरीस आजीचे अ. उ. आ. आणि आज जरा ताठ मानेने.

काल झालं. रात्रभर डोळा लागला नाही, पण लिहायचं घड्याळजींना आहे, मला काय!

अगं, ती खोली केवढी! छत इतकं उंच, की आपला आवाज वर जाऊन परत येईपर्यंत माणूस विचारात पडतो. फरशी लखलखीत. मला तुझ्या वर्गातल्या बाई आठवल्या आणि मी चपला काढायला वाकले. शिपायाने काढू दिल्या नाहीत. न्यायाधीश बाई आहेत, तुझ्या आईच्या वयाच्या, सर्दी झालेली, टेबलावर रुमालांची चळत. त्या आल्या तशी सगळी खोली उभी राहिली. वकील, पोलीस, तो गोड बोलणारा पण. आणि त्या बसल्यावर सगळ्यांत आधी त्यांनी काय केलं, तर मला खुर्ची द्यायला सांगितली. मी घेतली नाही. एकदा खुर्चीने घात केलाय.

शपथ दिली. माझ्यामागून दुभाषी बाई बोलत होत्या. खरं सांगेन, सगळं खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. तीनदा सांगावं लागतं, भिंगरी. मी आधी समजत होते एकदा पुरे. उभी राहिल्यावर कळलं, की तिन्ही वेगळ्या आहेत. दुसरीच सगळ्यांत जड.

सरकारी वकिलाने कागद वर धरला आणि विचारलं, की हा अंगठा तुमचा का. मी म्हटलं, अंगठा माझा, शब्द माझे नाहीत. दुभाषी बाईंनी ते इंग्रजीत सांगितलं तेव्हा खोलीत कुणीतरी पेन खाली ठेवलं.

मग तो तुटून पडला. तुझ्या फरशीवाल्या बाई देवमाणूस, त्यांनी सांगून ठेवलं होतं, नाहीतर मी तिथेच बसकण मारली असती. फितूर म्हणाला. कुणी पढवलं म्हणाला. वाचता येत नाही तर कागदात काय आहे ते तुम्हाला कसं कळलं म्हणाला. मी सांगितलं, की माझ्या नातीने वाचून दाखवलं, पोलिसाने नाही. मग त्याने विचारलं, की त्या दिवशी गप्प का बसलात. हे ते वाक्य होतं, जे मी घासत होते. मी म्हटलं, की साहेब, मी आयुष्यभर दुसऱ्याच्या हाताने लिहिते आणि परत वाचून घेतल्याशिवाय एक पाकीट बंद करू देत नाही. त्या दिवशी मला चारचौघांत लाज वाटली, म्हणून मी समजल्यासारखी मान हलवली. ती मान खोटी होती. आज ती मी परत घेते.

न्यायाधीश बाईंनी रुमाल खाली ठेवला आणि पुढे वाकल्या. माझ्याकडे वाकल्या गं, बटणं लावणारीकडे! त्यांनी विचारलं, की मग डोळ्यांनी काय पाहिलंत. मी सांगितलं, की ती हातात किल्ल्या घेऊन आत गेली, दाराला दुधी काच आहे, माझ्या खुर्चीवरून खण दिसत नाही, कुणीही येऊन बसून बघावं, आणि ती रिकाम्या हातांनी बाहेर आली.

तिथे कोपऱ्यात एक माणूस टाइप करत बसतो. मी बोलले की त्याची बोटं चालतात, मी थांबले की थांबतात. मी खोकले तर त्याने मान वर केली. माझं सगळं झाल्यावर न्यायाधीश बाई म्हणाल्या, की जाऊ शकता. मी गेले नाही. मी म्हटलं, आधी वाचून दाखवा.

वकील हसला. पोलीस खाली बघत होता. न्यायाधीश बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या टाइपवाल्याला सांगितलं, की वाचा. तो उभा राहिला आणि वाचू लागला, दुभाषी बाई मला परत माझ्या भाषेत सांगू लागल्या. आणि भिंगरी, ते सगळं मीच होते! एकही मणी इकडचा तिकडे नाही. लाज होती, मान होती, दुधी काच होती. माझं बोलणं असं कुणी ओंजळीत धरून परत दिलं नव्हतं. घड्याळजींनीसुद्धा नाही, ते मधेच व्याकरण सुधारतात. सगळी खोली, तो वकीलसुद्धा, माझे शब्द संपेपर्यंत थांबून होती. मला वाटलं, की इथे सरकार बसलंय ते या माणसाच्या बोटांत.

पण एके ठिकाणी मी हात वर केला. रिकाम्या हातांनी आली, हे बरोबर. पण एप्रनच्या खिशात काही होतं की नव्हतं, ते मला दिसलं नाही. हेही लिहा म्हटलं. इस्त्रीवालीचा वकील माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मी त्याच्या तोंडातला घास काढला. इस्त्रीवालीने प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, की ही म्हातारी सोडवायला आलीय की बुडवायला. पण मी तीनदा शपथ घेतली होती आणि दुसरी जड होती.

त्यांनी लिहिलं. मी अंगठा उठवला.

निकाल पुढच्या आठवड्यात. तोवर तू आणि मी दोघींनी नीट जेवायचं ठरवू, निदान तू तरी.
तुझी आजी

गुरुवार, १७ एप्रिल

ती. आजीस शि. सा. न. वि. वि., या वेळी खरोखर साष्टांग.

तुझं पत्र मी वर्गात वाचलं. विचारलं नाही तुला, रागावू नकोस. खिशाच्या जागी आल्यावर आचारी चिडून उभाच राहिला, म्हणाला, की आजीने गप्प बसायला हवं होतं, पोरगी सुटत होती. नर्स त्याच्यावर ओरडली. पाऊण तास भांडण, सगळं इंग्रजीत, आजी! एव्हिडन्स, ओथ, डाउट, एकमेकांच्या अंगावर शब्द फेकत होते आणि कुणालाही कळलं नाही, की आपण इंग्रजीत भांडतोय. मी खडू हातात धरून नुसती बघत राहिले.

फरशीवाल्या बाई जाताना म्हणाल्या, की वीस वर्षांत वाचून दाखवा असं म्हणणारी साक्षीदार त्यांनी ऐकली नाही, आणि तुझ्या कोर्टात त्या असत्या तर त्या दिवशी त्यांनी फरशी दोनदा पुसली असती.

निकाल कळव, लगेच.
तुझी भिंगरी

शुक्रवार, २५ एप्रिल

चि. भिंगरीस अ. उ. आ.

सुटली. न्यायाधीश बाईंनी सांगितलं, की सरकारला सिद्ध करता आलं नाही. खिशाचं मी स्वतःहून सांगितलं म्हणून माझं बाकीचं खरं धरलं, असंही म्हणाल्या म्हणे. आचाऱ्याला हे सांग. आणि तो पोलीस, त्याची आता वेगळी चौकशी आहे. त्यासाठी मला पुन्हा बोलावलं तर मी जाणार.

साखळी कुठे आहे, देव जाणे. तिने घेतली की नाही, हे मलाही ठाऊक नाही, आणि न्यायाधीश बाईंनाही नाही. तरी तिला घरी जाऊ दिलं. ठाऊक नाही हे एवढ्या उंच खोलीत एवढ्या शांतपणे कबूल करायचं आणि माणसाला मोकळं सोडायचं, याचा मी अजून विचार करते आहे. माझ्याच्याने झालं नसतं.

मॅनेजरने माझं टेबल बॉयलरमागे हलवलं. आता समोर भिंत आहे. बटणांना चालतं.

इस्त्रीवालीला दवाखान्याच्या धुलाईत काम मिळालं. परवा रस्त्यात समोर आली. मी थांबले. तीही थांबली. माफी मागायची तर शब्द सापडेना, तू पाठवलेल्यांपैकी एकही उपयोगाचा नव्हता. तीच बोलली. म्हणाली, की तीन महिने ती गल्लीतून गेली की शेजारणी दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या. अजून घेतात. एवढंच बोलली आणि गेली. कोर्टाने तिला मोकळं केलं, मला कुणी केलं नाही, आणि करावं असंही नाही. तिने बोलायचं की नाही हे तिच्यावर. मी रोज त्या वेळेला त्या रस्त्याने जाणार आहे, एवढं माझ्यावर.

तुझ्या सगळ्या वर्गाला माझा आशीर्वाद, फरशीवाल्या बाईंना नमस्कार. लोभ होता त्याहून वाढव, मी मोजत नाही.
तुझी आजी

ता. क. वाफेत उभं राहून इस्त्रीवालीचा घसा कायम बसलेला असतो. तिकडचा तो दाट मध पाठव, एक बाटली. माझ्याकडे नको, तिच्या पत्त्यावर. घड्याळजी पाकिटामागे पत्ता लिहिताहेत. पाठवणारी म्हणून माझं पूर्ण नाव लिही, लपवू नकोस. परत आली तर पुन्हा पाठव, आणि त्या वेळी मोठी बाटली घे.